उलटं पान आणि झेरॉक्सच्या खिडक्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘संगणकाचा माऊस, पडद्यावरच्या खिडक्या, चित्रं हे सगळं ॲपलने झेरॉक्स कंपनीकडून चोरलं’ असं एका वाक्यात उरकलं आहे. मी बेळगावात तीसेक वर्षं लग्नपत्रिका छापतो, एका पानावर मराठी, दुसऱ्यावर कन्नड. नकलेचा विषय आमच्या घरचाच, म्हणून लिहितो.

संगणक येण्याआधी आम्ही ट्रेसिंग पेपरवर कात्री, ब्लेड आणि डिंक घेऊन मजकूर जुळवायचो. एकदा वेलबुट्टीच्या चौकटीत डाव्या बाजूचं एक पान माझ्याकडून उलटं चिकटलं. तसंच छापलं. पुढच्या लगीनसराईत आमच्याच गल्लीतल्या दुसऱ्या छापखान्याची पत्रिका हाती आली. तोच वेल, डाव्या बाजूला तेच उलटं पान. नक्कल ओळखायची ती अशी, चुकीवरून.

आता ॲपलचं बघा. डिसेंबर १९७९ मध्ये त्यांची मंडळी झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत गेली ती उघड उघड. बदल्यात झेरॉक्सला ॲपलचे एक लाख शेअर सुमारे दहा लाख डॉलरना मिळाले होते. तिथे पाहिलेल्या एकावर एक खिडक्यांमध्ये, खालच्या अर्धवट झाकलेल्या खिडकीचा दिसणारा भागसुद्धा आपोआप पुन्हा रेखाटला जातो, असं ॲपलच्या बिल ॲटकिन्सन या प्रोग्रॅमरला वाटलं. घरी येऊन मान मोडून त्याने ते जमवलं. मागाहून कळलं, झेरॉक्सच्या यंत्रावर ते होतच नव्हतं! म्हणजे याने मुळात नसलेल्या गोष्टीची नक्कल केली. याला चोरी म्हणणार?

शिवाय माऊस तरी झेरॉक्सचा कुठे? डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकाने १९६८ मध्येच तो सॅन फ्रान्सिस्कोत भर सभेत चालवून दाखवला होता. आणि ‘कट’ नि ‘पेस्ट’ तर सरळ कात्री-डिंकवाल्यांचे. आम्ही कुणाकडे पैसे मागितले नाहीत.

पुढे ॲपलनेच १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर नकलेचा दावा ठोकला. पडद्यावरच्या सारख्या दिसणाऱ्या १८९ गोष्टी मोजून दाखवल्या. त्यातल्या १७९ वापरायची परवानगी ॲपलनेच १९८५ च्या करारात देऊन ठेवली होती, असं कोर्ट म्हणालं. उरलेल्या दहांवरही हक्क शाबीत झाला नाही. दावा चालू असताना झेरॉक्सनेही ॲपलवर खटला भरला, तो १९९० मध्ये बहुतांशी फेटाळला गेला. उशिरा जागे झाले बिचारे.

मीही गल्लीतल्या त्या मालकांना जाब विचारायला गेलो होतो. ते म्हणाले, “काय ओ, वेल काय तुमच्या परसातला?” मी गप्प. तो वेल मी आईच्या शहापुरी साडीच्या काठावरून उचलला होता. पान मात्र त्यांनी अजून सरळ केलेलं नाही.

आपला,
एक छपाईवाला, शहापूर, बेळगाव