शिक्का मारलेली नोट

नगर, रविवार दुपार

चि. मनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू व्हिएन्नाहून पाठवलेलं पाकीट तुझ्या रूममेटची आई परवा देऊन गेली. चॉकलेटं तुझ्या आईने ताब्यात घेतली, नोट माझ्या वाट्याला आली. "फार किमतीची नाही, पण तुम्हाला आवडेल," असं तू चिठ्ठीत लिहिलंस. आवडेल काय म्हणतेस! पस्तीस वर्षं बँकेच्या कॅशमध्ये बसलो, लाखो नोटा बोटांखालून गेल्या, पण एकच नोट तासभर वाचत बसलो असं पहिल्यांदाच झालं. दोनचा चहा चार वाजता प्यायलो, तोही गार.

भिंग लावून पाहिली. जुन्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याची नोट: वीस क्रोने, व्हिएन्ना, 2 जानेवारी 1913. एका बाजूला ठळक जर्मन, आणि तिथेच बारीक अक्षरांत त्याच वीस क्रोनेचे आणखी आठ अवतार: चेक, पोलिश, युक्रेनी (त्यांना तेव्हा रुथेनियन म्हणत), इटालियन, स्लोव्हेन, क्रोएशियन, सर्बियन, रोमेनियन. क्रोएशियन आणि सर्बियन मजकूर एकच, 'द्वादेसेत क्रुना', फक्त एक रोमन लिपीत आणि दुसरा सिरिलिकमध्ये. आपल्या 'द्वि' आणि 'दश' यांचीच ही लांबची भावंडं, हे लक्षात आलं आणि उगाच बरं वाटलं.

मग नोट उलटी केली. मागे सगळं हंगेरियन. फक्त हंगेरियन. स्लोव्हाक कुठे दिसते का म्हणून दोन्ही बाजू धुंडाळल्या, नाहीच.

मागच्या आठवड्यात फोनवर तू म्हणालीस की जेवणाच्या सुट्टीत तुमच्यातला एकजण म्हणाला, "इतक्या भाषांचं कडबोळं होतं ते ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य, फुटणारच होतं." आणि तू भारतातली, म्हणून सगळे तुझ्याकडे बघायला लागले. तेव्हा माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. आता या नोटेमुळे सुचलंय, म्हणून पत्र. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं टाइप करायला माझी बोटं तयार नाहीत.

तिथलं राजघराणं हॅब्सबर्गांचं. त्यांनी राज्य जमवलं ते बरंचसं सोयरिकीतून. "लढाया इतरांना करू देत, सुखी ऑस्ट्रिया, तू आपली लग्नं कर," अशी लॅटिनमध्ये त्यांच्याबद्दल म्हणच होती. 1526 साली मोहाचच्या लढाईत तुर्कांपुढे हंगेरीचा तरुण राजा मेला. त्याची बहीण हॅब्सबर्ग फर्डिनंडला दिलेली, त्यामुळे बोहेमिया आणि हंगेरी या दोन्ही मुकुटांवर त्याने हक्क सांगितला. म्हणजे वेगवेगळ्या भाषा बोलणारी माणसं तिथे चारशे वर्षं एका छपराखाली राहिली. कडबोळं फुटायला चारशे वर्षं लागत असतील, तर ते कडबोळं बरंच खुटखुटीत म्हणायचं.

त्यांच्यातल्या राणी मारिया तेरेसाचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ते आमच्या धंद्यातलं आहे. ती 1780 साली गेली. तिच्या चेहऱ्याचा चांदीचा थेलर अरबस्तानात आणि इथिओपियात इतका चालायचा, की पुढेही त्यावर 1780 हेच साल ठेवून तो पाडत राहिले. व्यापारी दुसरं नाणं घेईचनात. दुसऱ्या महायुद्धात तर तो आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडला गेला. राज्य बुडून वीस वर्षं झाली तरी राणीचं नाणं चालतंय! पत याला म्हणतात.

आता मुद्द्यावर येतो. ही नोट दोन तोंडांची का? त्याचं उत्तर 3 जुलै 1866 या तारखेत आहे. त्या दिवशी बोहेमियात क्योनिग्ग्रेट्सला प्रशिया या जर्मन राज्याने ऑस्ट्रियाला झोडपलं. प्रशियाच्या शिपायाकडे मागून भरायची बंदूक, आडवं पडून भरता येणारी. ऑस्ट्रियाच्या शिपायाकडे तोंडाने भरायची, म्हणजे उभं राहून गज ठोकत बसा, तोवर समोरच्याने चार-पाच गोळ्या झाडलेल्या. त्याआधी सातच वर्षं, 1859 मध्ये, इटलीतल्या सोल्फेरिनोला हार खाऊन लोम्बार्डी प्रांत गेला होता. सोल्फेरिनोच्या रणावर तळमळत पडलेले जखमी पाहून आंरी द्युनां हादरला आणि त्यातून पुढे रेड क्रॉस उभी राहिली, हे तुला शाळेत होतं.

दोन युद्धं हरल्यावर सम्राट फ्रान्झ योझेफला घरात कुणाला तरी खूश करणं भाग होतं. 1849 मध्ये त्याने रशियाच्या झारची फौज आणून हंगेरीचं बंड चिरडलं होतं आणि आरादला तेरा सेनानींना एकाच दिवशी मारलं होतं. त्याच हंगेरीशी 1867 साली तडजोड केली. व्हिएन्नाला एक संसद, बुडापेस्टला दुसरी. परराष्ट्र, लष्कर आणि त्यांच्यापुरतं अर्थखातं एवढंच सामाईक. राजा एकच, पण इकडे सम्राट आणि तिकडे राजा. जकातीचा आणि खर्चाच्या वाट्याचा करार दर दहा वर्षांनी नव्याने. दोन भावांनी वाटणी करून स्वयंपाकघर तेवढं एक ठेवावं आणि दर दहा वर्षांनी गॅसच्या बिलावरून भांडावं, तसं. आपल्या गल्लीत असं एक घर आहे, नाव लिहीत नाही.

म्हणून नोटेला दोन तोंडं. आणि इथेच तुझ्या त्या सहकाऱ्याचा हिशेब चुकतो. तडजोड दोघांत झाली, घरात माणसं डझनभर. 1910 च्या शिरगणतीत साम्राज्याची लोकसंख्या पाच कोटींच्या वर; त्यात जर्मन भाषिक पावपट, हंगेरियन पाचवा हिस्सा. उरलेल्यांना कुणी विचारलं? चेक लोकांच्या बोहेमियातल्या कारखान्यांवर आणि करांवर बराच कारभार चालायचा, पण 1897 मध्ये पंतप्रधान बाडेनीने बोहेमियातल्या सरकारी नोकरांना चेक आणि जर्मन दोन्ही भाषा यायला हव्यात असा हुकूम काढला, तर जर्मन भाषिकांनी व्हिएन्नापासून ग्राट्सपर्यंत दंगे केले आणि बाडेनीला घरी पाठवलं. तरी ऑस्ट्रियाच्या बाजूला 1907 मध्ये सगळ्या पुरुषांना मताचा अधिकार मिळाला. हंगेरीच्या बाजूला हंगेरियन लोक जेमतेम निम्मे, आणि मत मूठभरांना. तिकडेच राहणारे स्लोव्हाक कुठे आहेत ते नोटेनेच सांगितलं.

हे लिहिता लिहिता कपाटातली आपली शंभराची नोट काढून शेजारी ठेवली. मागच्या पट्टीत पंधरा भाषा, इंग्रजी अक्षरक्रमाने, म्हणून आसामी पहिली आणि उर्दू शेवटची. मराठी बरोबर मधोमध, आठवी. मोठेपणावरून भांडायला जागाच ठेवली नाही. अर्थात राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात बावीस भाषा आहेत, तेव्हा मैथिली किंवा संथाली बोलणाऱ्याने आपल्या नोटेवरही भिंग फिरवलं तर त्याचीही माझ्यासारखीच निराशा होईल. हेही त्या सहकाऱ्याला सांग, उगाच फुशारकी नको.

भाषांमुळे फुटलं नाही म्हणतो त्याला दुसरा पुरावा फौजेचा. हुकमाची भाषा जर्मन, पण ती साधारण ऐंशी शब्दांची: चल, थांब, नेम धर, झाड. बाकी शिकवणं, रागावणं, समजूत घालणं पलटणीच्या भाषेत. एखादी भाषा पलटणीतल्या वीस टक्के शिपायांची असली की ती पलटणीची भाषा, आणि अधिकाऱ्याने ती तीन वर्षांत शिकायचीच. कुठे एक भाषा, कुठे दोन, कुठे तीन. बोस्नियाच्या पलटणींना फेझ टोपी आणि त्यांतल्या मुसलमान शिपायांसाठी सोबत इमाम. मला ही व्यवस्था मनापासून आवडली. आमच्याकडे परभाषिक मॅनेजर येऊन तीन वर्षांत "थोडा थांबा" एवढंच शिकून बदलून जायचे.

फौजेची ती व्यवस्था मोडली 1914 च्या उन्हाळ्यात. 28 जूनला सारायेवोत युवराज फ्रान्झ फर्डिनंड आणि सोफी यांना गाव्हरिलो प्रिन्सिप या बोस्नियातल्या सर्ब तरुणाने मारलं. हा युवराज 1893 मध्ये जगप्रवासात आपल्या मुंबईलाही येऊन गेला होता. त्याची ती मोटार तुमच्या तिथल्या लष्करी संग्रहालयात ठेवलेली आहे, तू पाहिलीस म्हणालीस. तिच्या नंबर प्लेटवर 'A III 118' आहे आणि रोमन तीनच्या रेघा एक-एक धरल्या की त्यातून 11-11-18 ही युद्ध संपल्याची तारीख निघते, असा मेसेज आमच्या पेन्शनरांच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी येतो. ऑस्ट्रियाचा युद्धविराम 3 नोव्हेंबरचा. हे मी तीनदा लिहून पाहिलं, आता सोडून दिलंय.

बरोबर महिन्याने, 28 जुलैला, सर्बियावर युद्ध. सेनापती कोनराडने एक अख्खी आर्मी आधी सर्बियाकडे पाठवली आणि मग रशियाकडे वळवली, त्यामुळे ती दोन्हीकडे उशिराच पोहोचली. 1914 संपेपर्यंत मेलेले, जखमी, आजारी, पकडलेले धरून दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. आणि त्यांत गेले ते शिपायांची भाषा येणारे जुने अधिकारी. त्यांच्या जागी घाईने भरती केलेले राखीव अधिकारी आले. समोर रुथेनियन शिपाई आणि साहेबाला जर्मनच येतं. मार्च 1915 मध्ये प्शेमिश्लचा किल्ला रशियाच्या हाती पडला तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास फौज एका दमात कैद झाली. तरीसुद्धा हे सैन्य आणखी साडेतीन वर्षं लढलं, इसोन्झो नदीवर इटलीशी अकरा लढाया झेलून बाराव्यात इटलीलाच मागे रेटलं. जर्मनांची मदत होती, पण लढले. भाषांमुळे फुटणारी फौज पहिल्या हिवाळ्यातच घरी गेली असती.

फुटलं ते पोटामुळे, असं माझं मत. ईशान्येच्या गालिसिया प्रांतातलं धान्याचं कोठार रणांगण झालं, आणि हंगेरीने आपलं धान्य ऑस्ट्रियाला हात आखडून दिलं. बघ, पुन्हा ती नोटेची पाठ! 1918 च्या जानेवारीत पिठाचं रेशन कापलं तेव्हा कारखाने बंद पडले. त्यात नोटा छापल्या इतक्या, की युद्धाच्या चार वर्षांत त्या दहापटीहून जास्त झाल्या. आपल्या नगरच्या किल्ल्याजवळच्या छावणीत त्या काळात जर्मनांबरोबर ऑस्ट्रियन नागरिकही डांबून ठेवले होते. त्यांच्यातल्या कुणाच्या खिशात तू पाठवलीस तशीच नोट असेल का, असं मनात येऊन गेलं.

आणि आता शिक्का. नोटेवर 'डॉइचऑस्टरराइश' असा शब्द छापलाय, तो तू पाहिला असशीलच. साम्राज्य नोव्हेंबर 1918 मध्ये संपलं, पण खिशात सगळ्यांच्या नोट तीच. मग 1919 च्या सुरुवातीला युगोस्लाव्हियाने आपल्याकडच्या नोटांवर शिक्के मारले. चेकोस्लोव्हाकियाने तर सरहद्दी बंद करून नोटांवर तिकिटं चिकटवली आणि लोकांच्या निम्म्या नोटा सक्तीचं कर्ज म्हणून ठेवून घेतल्या. मग ऑस्ट्रियाने हा शिक्का मारला. जिथे भाव बरा मिळेल तिथे लोक कोऱ्या नोटा पेट्यांतून पळवायचे. खोटे शिक्केही निघाले.

हे वाचताना मी थेट नोव्हेंबर 2016 मध्ये गेलो. काउंटरबाहेरची रांग बसस्टँडपर्यंत, शाईची बाटली, म्हातारीच्या पदराच्या गाठीतल्या पाचशेच्या चार नोटा. तिने विचारलं होतं, "बाबा, कालपर्यंत चालत होती ना रं?" ब्रनोच्या किंवा झाग्रेबच्या काउंटरवर माझ्यासारखाच एखादा तिकिटं ओली करत बसला असेल आणि समोरच्या बाईने त्याला हेच विचारलं असेल, कुठल्या का भाषेत.

नाशमार्क्टच्या शनिवारच्या जुन्या बाजारात पुन्हा गेलीस तर चेक तिकीट चिकटवलेली एखादी मिळते का बघ. पाच-सात युरोच्या वर देऊ नकोस, आणि तिकीट पूर्ण चिकटलेलं आहे ना ते नखाने तपास. आईचा निरोप: चॉकलेटं गोड कमी होती, पुढच्या वेळी दुसरी आण.

तुझा,
बाबा