काका, तुम्ही काढायला लावलेला तो एक गुंठा

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

त्या शनिवारी तुम्ही माझ्या टेबलाशी थांबला नसतात, तर सोमवारी साइटवर चुकीच्या मापाने पायाच्या आखणीची फक्की पडली असती. घाईत तेव्हा नीट आभारही मानले नाहीत, म्हणून हे पत्र.

प्लॉटच्या मोजणीची फाइल मीटरमध्ये होती आणि मी काढलेला घराचा प्लॅन मिलिमीटरमध्ये. ऑटोकॅडमध्ये, म्हणजे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन्ही एकत्र आणले, तर घर हजारपट मोठं आणि प्लॉट ठिपक्याएवढा. युनिट्सच्या, म्हणजे मापाच्या एककांच्या, सेटिंगमध्ये जाऊन मीटर निवडलं, तरी एक रेष हलली नाही. मग मी स्केल कमांडने घर कमी करत करत प्लॉटमध्ये डोळ्याला पटेल इतकं बसवलं. अगदी बरोबर दिसत होतं हो!

तुम्ही रागावला नाहीत. एवढंच विचारलंत, "गुंठा किती?"

"तेहतीस बाय तेहतीस फूट."

"मग काढ इथेच, घराशेजारी."

काढायला घेतला आणि अडकले. मीटरच्या फाइलमध्ये नुसतं 33 टाकून कसं चालेल? 33 ला 0.3048 ने गुणलं, 10.058 आलं. क्षेत्र 101.17 चौरस मीटर, म्हणजे सातबाऱ्यावरच्या एका आरपेक्षा (100 चौरस मीटर) जरासं जास्त. आता तो चौकोन शेजारी आल्यावर माझं नऊ मीटरचं घर त्याच्या जवळजवळ बरोबरीला आलेलं दिसलं. मग तुम्ही नऊ इंची भिंत मोजायला लावलीत. 0.230 यायला हवी होती, आली 0.251. सगळं घर नऊ टक्क्यांनी फुगलं होतं, आणि बाजूची पाऊण मीटरहून जास्त मोकळी जागा त्याने गिळली होती.

युनिट्समधलं मीटर पुढे आत येणाऱ्या ब्लॉकसाठी (बाहेरून आणून ठेवायच्या तयार चित्रांसाठी) असतं, आधी काढलेल्या रेषा त्याने बदलत नाहीत, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. मूळ प्लॅन पुन्हा आणून 0.001 ने स्केल केला, भिंत 0.230 आली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

जाता जाता तुम्ही शीटच्या खालच्या कोपऱ्यात दहा मीटरची पट्टी काढून घेतलीत. 1:100 ला, म्हणजे जागेवरचं माप कागदावर शंभरपट लहान केलं की, ती ए-थ्री कागदावर बरोबर 100 मिलिमीटर भरते. त्याची ए-फोर झेरॉक्स काढली की 71 भरते. "1:100" हे लिहिलेलं मात्र तसंच राहतं आणि फसवतं. ही पट्टी मी आता एकाही शीटवर विसरत नाही.

परवा साइटवर मिस्त्रींच्या हातात आमच्या नकाशाची ए-फोर झेरॉक्स होती. त्यांनी टेप काढली, आधी त्या पट्टीला लावली, आणि म्हणाले, "ताई, मोठा कागद द्या."

तुमची,
शेजारच्या टेबलावरची मुलगी