पोलीस केस नव्हती, तरी शवविच्छेदन हवं होतं

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात माझे यजमान गेले. फुप्फुसाचा कॅन्सर होता, पण गोळी लागू पडली होती. दहा दिवस आधीच्या पेट स्कॅनवर ‘स्टेबल’ असा शेरा होता. पहाटे बाथरूममधून आले, पलंगाच्या कडेला बसले आणि "दम लागतोय गं" म्हणाले. आयसीयूत जेमतेम पाच तास काढले. कागदावर मृत्यूचं कारण लिहून आलं: कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट. म्हणजे हृदय थांबलं, श्वास थांबला. ते मलाही दिसत होतं.

का थांबला, ते मला हवं होतं. कॅन्सरमध्ये रक्ताच्या गुठळ्या होतात, तशी एखादी फुप्फुसात जाऊन बसली? गोळीचा हृदयावर परिणाम झाला? की स्कॅनला न दिसलेलं काही होतं? मी म्हटलं, शवविच्छेदन करा. ड्युटीवरचा डॉक्टर, माझ्या मुलाच्या वयाचा, गडबडलाच. "काकू, पोलीस केस करायचीय का? आमच्यावर संशय आहे का तुमचा?" संशय कुणावरच नव्हता. मागून दीर म्हणाले, "वहिनी, आता आणखी चिरफाड कशाला?" त्यांचंही चूक नाही, माणसाने भोगायचं तेवढं भोगलेलं होतं. संध्याकाळी जवाहर बाग स्मशानभूमीत सगळं आटोपलं, उत्तरासकट.

साहेब, पोलिसांचं पोस्टमॉर्टेम वेगळं आणि नातेवाइकांच्या संमतीने पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांनी केलेलं वेगळं. दुसऱ्यात ना पंचनामा, ना पोलीस. पण आता ते जवळजवळ कुणी मागत नाही आणि डॉक्टरही सुचवत नाहीत. इतके स्कॅन, इतक्या बायोप्सी झाल्यावर राहिलंय काय, असं वाटतं.

राहतं बरंच. अमेरिकेत लुइझियानातल्या एका हॉस्पिटलने दहा वर्षांतली ११०५ शवविच्छेदनं तपासून १९९८ साली निष्कर्ष छापले. त्यांत कॅन्सरच्या २५० गाठी आढळल्या. त्यांपैकी १११ जिवंतपणी सापडल्याच नव्हत्या किंवा त्यांचं निदान चुकलं होतं. तेव्हाची यंत्रं आजच्यासारखी नव्हती, हे कबूल. पण आजचा स्कॅनही बारीक ठिपका सोडतोच. शिवाय बायोप्सीची सुई एकाच जागचा कण काढते, आणि यकृतातली गाठ फुप्फुसातल्या गाठीसारखीच वागेल असं नसतं. एकीवर औषध चालतं, दुसरी त्याला दाद देत नाही. हे कुठे आणि कसं घडलं ते सगळ्या अवयवांतले नमुने एकत्र पाहिल्याशिवाय नीट उलगडत नाही, आणि जिवंत माणसाचे इतके तुकडे कोण काढणार? म्हणून ब्रिटनमध्ये ‘पीस’ नावाच्या अभ्यासात रुग्ण हयातीतच संमती देऊन ठेवतात. मृत्यूनंतर नमुने लवकर घ्यावे लागतात, पेशींमधला जनुकीय मजकूर भराभर विरतो.

मला सगळ्यात लागलं ते लहान मुलांच्या डीआयपीजीबद्दल वाचताना. मेंदूच्या बुंध्याशी होणारा हा कॅन्सर. जागा इतकी नाजूक, की वर्षानुवर्षं डॉक्टर तिथे बायोप्सीही टाळत. मूल गेल्यावर आईबापांनी ती गाठ अभ्यासाला दिली. त्यातला जनुकीय बिघाड २०१२ मध्ये समोर आला, त्यात अशा नमुन्यांचा मोठा हात होता. त्या आईबापांना कुणीतरी जवळ बसून नीट विचारलं असणार. कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या नाही.

खारघरला अ‍ॅक्ट्रेक आहे, टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र. ते केंद्राच्या अणुऊर्जा खात्याचं, तुमच्या हातातलं नाही, ठाऊक आहे. पण राज्याची मेडिकल कॉलेजं तुमची आहेत. तिथे कॅन्सरच्या रुग्णाला आणि घरच्यांना वेळेत, मराठीत विचारणारं कुणी असावं. देह त्याच दिवशी परत मिळावा, शववाहिनीचा खर्च घरच्यांवर पडू नये. पूर्ण चिरफाड नको म्हणणाऱ्यांसाठी सुईने नमुने घेण्याची पद्धत आहे, तीही सांगावी. अवयवदानासाठी २०२१ मध्ये केंद्राने सूर्यास्तानंतरच्या पोस्टमॉर्टेमला मुभा दिलीच आहे. मनात आणलं की नियम हलतात.

माझ्यापुरतं मी लिहून ठेवलंय. एक पान आहे, मुलाने कुरकुर करत का होईना, सही केलीय. ते कुठल्या खिडकीवर द्यायचं, तेवढं कळवावं.

आपली,
नौपाड्यातली एक ज्येष्ठ नागरिक