पन्नास तासांचा प्रश्न

तीर्थस्वरूप आई आणि बाबा यांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, वर्षाला 50 तास प्रशिक्षणात गेले तर तू मुलांना शिकवणार कधी, असे तुम्ही परवा फोनवर विचारलेत. तेव्हा शाळेत निघायच्या गडबडीत होते, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाने दरवर्षी किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे; पण हे शिक्षण त्याच्या स्वतःच्या आवडीनुसार व्हावे, असेही तिथेच म्हटले आहे. मला त्या तासांपेक्षा हे पुढचे शब्द मोलाचे वाटतात, आणि शाळेपर्यंत पोहोचताना नेमके तेच गळून पडतात. निष्ठा हे शिक्षकांसाठीचे सरकारी प्रशिक्षण 2019 मध्ये समोरासमोर सुरू झाले आणि करोनाच्या काळात दीक्षा या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावर गेले, त्यामुळे वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेलाही तेच साहित्य मिळू लागले, हा लाभ मी कमी लेखत नाही. तरीही गेल्या वर्षी एका घटकाचे व्हिडिओ मी रात्री मुले झोपल्यावर नुसते पुढे सरकवले, प्रश्नमंजूषा सोडवली आणि प्रमाणपत्र उतरवून घेतले, याची मला मनापासून खंत वाटते.

खरे शिकले ते आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत. हातच्याच्या वजाबाकीचा माझा पाठ शेजारच्या शाळेतल्या बाई मागे बसून पाहत होत्या. बावन्नातून सत्तावीस वजा करताना एका मुलीने दशकाचा गठ्ठा सोडला, दहा काड्या सुट्या केल्या आणि ती थांबली. मी लगेच तिच्या हातातून काड्या घेऊन उत्तर काढून दाखवले. पाठ संपल्यावर बाई एवढेच म्हणाल्या, "ती मोजत होती, तुम्ही मध्येच घेतल्यात." सात वर्षे मी हेच करत आले असेन, आणि कोणत्याही व्हिडिओला ते दिसले नसते.

म्हणून, बाबा, 50 तास मला जास्त वाटत नाहीत. त्यांतले निम्मे तरी एकमेकांचे पाठ पाहण्यात जावेत आणि ते शाळेच्या वेळेतच धरले जावेत, एवढेच माझे म्हणणे आहे. शिक्षकांवर अध्यापनाबाहेरची कामे लादू नयेत, असे हेच धोरण सांगते. माहिती भरण्याचे काम कमी झाले, तर हे तास मुलांच्या वाट्यातून काढावे लागणार नाहीत.

1986 च्या धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या, तिथल्या वर्गांना तुम्ही जात होतात. तेव्हाची तुमची टिपणांची वही आईने जपून ठेवली आहे ना? आई, तिच्यातल्या गणिताच्या पानांचे फोटो काढून पाठवशील का? पुढच्या परिषदेत तोच पाठ मी पुन्हा घेणार आहे.

आपली,
लेक