सल्ला नाकारा, पण कारण लिहून द्या: मंत्री मलार्न्दिरी मॅकार्थी यांना खुले पत्र

माननीय मलार्न्दिरी मॅकार्थी,
मंत्री, आदिवासी ऑस्ट्रेलियन विभाग, कॅनबेरा

सप्रेम नमस्कार.

मी मेलबर्नची रहिवासी, इथली नागरिक आणि मतदार. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ते आमच्या मंडळींनीही वाचायला हवं. आदिवासींची 'व्हॉइस' ही सल्लागार संस्था राज्यघटनेत आणावी का, यावरच्या १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी 'नाही' लिहिलं. कारण काय, तर राज्यघटनेत वंशावरून भेद नको.

तो भेद घटनेत आधीपासून आहे. कलम ५१ (२६) प्रमाणे संसद एखाद्या वंशाच्या लोकांसाठी वेगळे कायदे करू शकते, आणि १९६७ च्या सार्वमतानंतर अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे इथल्या आदिवासी लोकांसाठीही. ज्यांच्यासाठी कायदा करायचा त्यांचं आधी ऐका, एवढीच 'व्हॉइस'ची मागणी होती.

प्रस्तावित कलम १२९ मध्ये व्हॉइसला संसदेपुढे आणि सरकारपुढे म्हणणं मांडण्याची मुभा होती. रचना, अधिकार, कामकाज सगळं संसदेच्या हाती. वाद पेटला तो 'सरकारपुढे' यावरून. माजी न्यायमूर्ती इयन कॅलिनन यांना वर्षानुवर्षं खटले चालतील असं वाटलं. माजी सरन्यायाधीश रॉबर्ट फ्रेंच यांनी मात्र प्रस्तावाला पाठिंबा दिला. मला फ्रेंच यांचं पटतं.

भारताच्या घटनेत, पाचव्या अनुसूचीत, जनजाती सल्लागार परिषद १९५० पासून आहे. तिच्यामुळे संसदीय लोकशाही काही कोलमडली नाही. पण तिचं दुखणंही तुम्हाला माहीत असावं. राज्यपाल जे विषय सोपवतील, त्यांवरच सल्ला देणं हे तिचं काम. जास्तीत जास्त वीस सदस्य, त्यांतले साधारण तीन चतुर्थांश अनुसूचित जमातींचे आमदार. महाराष्ट्रात अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री. सल्ला देणारे आणि घेणारे एकाच टेबलाशी! गडचिरोलीतल्या गावाला खाणीबद्दल काही सांगायचं असेल, तर कुणी न विचारता परिषदेने ते मांडायलाच हवं, असं घटनेत कुठेही नाही. घटनेत जागा मिळाली म्हणून कुणी ऐकतंच असं नाही.

नुसत्या कायद्याचा भरवसा नाही, हेही खरं. ऑस्ट्रेलियात १९९० साली उभा राहिलेला 'अ‍ॅटसिक' हा आदिवासींचा आयोग संसदेने २००५ मध्ये मोडीत काढला. म्हणून तर घटनेचा आग्रह होता. पण सहाही राज्यांनी नकार दिल्यावर तो मार्ग सध्या बंद आहे. मतदारांनी नाकारली ती घटनादुरुस्ती. संसदेचा कायदा करण्याचा अधिकार शाबूत आहे. साउथ ऑस्ट्रेलियाने २०२३ मध्ये स्वतःचा कायदा केला, २०२४ मध्ये निवडणूक घेतली, आणि तिथल्या व्हॉइसला विधेयकांवर सभागृहात बोलता येतं.

कॅनबेरातही तसा कायदा आणा. सदस्य फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी लोकांनीच निवडलेले असोत. कुणी विचारण्याची वाट न बघता त्यांना बोलता यावं. आणि त्यांच्या प्रत्येक निवेदनाला संबंधित मंत्र्याने ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर सभागृहात ठेवावं. सल्ला नाकारायचा असेल तर खुशाल नाकारा, पण का नाकारला ते त्या उत्तरात लिहा. या शेवटच्या अटीवर तडजोड करू नका. हे विधेयक याच संसदेच्या कार्यकाळात मांडा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
मेलबर्नमधील एक मराठी मतदार