विषय : क्लॅमिडोमोनासच्या संचात ग्लुकोज का पाठवलंत?

प्रति,
व्यवस्थापक, उत्पादन विभाग

तुमच्या कस्टमर केअरशी पाचवा फोन आत्ताच संपला. संपला म्हणजे पलीकडून ठेवला गेला. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला. शेवाळ काय खातं हे, शेवाळाचे संच विकणाऱ्या तुम्हाला ठाऊक असणार असं धरून लिहितो.

'प्रकाश विरुद्ध सेंद्रिय कार्बन' (म्हणजे ग्लुकोजसारखं तयार अन्न) या तुमच्या संचात क्लॅमिडोमोनास राइनहार्टी हे एकपेशीय हिरवं शेवाळ आहे, 20 मिलीच्या दोन ट्यूब, वर 'ॲक्सेनिक', म्हणजे दुसरा कुठलाही जीव नसलेलं, असं लेबल. सोबत ग्लुकोजचं पाकीट. पुस्तिकेप्रमाणे चार फ्लास्क लावले: उजेडात एक साधा आणि एक ग्लुकोजचा, तसेच दोन काळ्या कागदात गुंडाळून कपाटात. ग्लुकोज लिटरला 5 ग्रॅम, सुरुवातीचा पीएच 7, खोलीचं तापमान 25 अंश.

उजेडातला साधा फ्लास्क सहाव्या दिवशी छान हिरवा झाला. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दोन कशाभिकांवर (चाबकासारख्या धाग्यांवर) पोहत होत्या. म्हणजे कल्चर जिवंत, दिवा ठीक, माध्यमातले क्षारही ठीक. अंधारातला साधा फ्लास्क वाढला नाही, वाढणारही नव्हता. अंधारातला ग्लुकोजचा मात्र तिसऱ्याच दिवशी ताकासारखा पांढुरका. वर साय, आंबूस वास, पीएच 5. थेंबभर पाहिलं तर दंडगोल जिवाणूंची जत्रा आणि तळाशी निपचित पडलेल्या चार हिरव्या पेशी. उजेडातला ग्लुकोजचाही दोन दिवसांनी त्याच वाटेने गेला.

हे सगळं सांगितल्यावर तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "सर, लाइट कमी पडतोय. लाइट वाढवा."
"कुठल्या फ्लास्कचा?"
"जो खराब झालाय त्याचा."
"तो अंधारातला आहे. प्रयोगच अंधाराचा आहे."
पाच सेकंद शांतता. मग, "हो सर, पण थोडा तरी लाइट द्यायला हवा ना. खिडकीजवळ ठेवून बघा."
पांढऱ्या रंगाचं विचारलं, तर "अंधारात शेवाळ पांढरं पडतंच सर, नॉर्मल आहे." घटातलं धान अंधारात पिवळं उगवतं, कबूल. पण क्लॅमिडोमोनास म्हणजे घटातलं धान नव्हे. हा जीव क्लोरोफिल अंधारातही बनवतो आणि योग्य अन्न मिळालं तर अंधारातही हिरवाच वाढतो. शेवटी सल्ला काय, तर "ग्लुकोज सूट होत नसेल तर घरची साखर टाकून बघा." धन्य!

मुद्दा एवढाच आहे की क्लॅमिडोमोनास ग्लुकोजवर वाढत नाही. उजेडात नाही, अंधारात नाही, खिडकीजवळ तर नाहीच. ग्लुकोज आत ओढून घेणारं वाहक प्रथिन क्लोरेला या दुसऱ्या शेवाळाकडे असतं, याच्याकडे नाही. याला लागतो ॲसिटेट, तो ॲसिटिक ॲसिडमधून मिळतो. म्हणून तर टॅप या त्याच्या नेहमीच्या वाढ-माध्यमात पीएच स्थिर ठेवणारं ट्रिस लिटरला 2.42 ग्रॅम आणि ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड 1 मिली असतं. तुमच्या 5 लिटरच्या संचाला ते 5 मिली पुरलं असतं. त्याऐवजी 50 ग्रॅम ग्लुकोज पाठवलंत, लागणार होतं त्याच्याही दुप्पट, आणि ते शेवाळाला नाही, जिवाणूंना जेवण झालं. क्लॅमिडोमोनासच्या पेशी दुप्पट व्हायला सहा-आठ तास तरी लागतात, जिवाणूला अर्धा तास पुरतो.

आणि हे जिवाणू आले कुठून? 'तुमच्या हाताळणीतून', असं उत्तर तिसऱ्या फोनला मिळालं होतं. म्हणून दुसऱ्या ट्यूबचं सील ज्योतीजवळ फोडून त्यातला एक थेंब न्यूट्रिएंट अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या घट्ट माध्यमाच्या प्लेटवर, टाकला. 30 अंशाला 48 तासांत मलईच्या रंगाच्या वसाहती. शेजारची कोरी प्लेट स्वच्छ. असं हे तुमचं 'ॲक्सेनिक'. शिवाय पुस्तिका ग्लुकोज 'उकळत्या पाण्यात विरघळवा' एवढंच सांगते. उकळल्याने जिवाणूंचे चिवट बीजाणू मरत नाहीत. त्याला 121 अंश, 15 पौंड दाब आणि 20 मिनिटं लागतात, तेही क्षारांपासून वेगळं, नाहीतर द्रावण तपकिरी होतं. नुसत्या क्षारांवर उजेडात वाढवताना चार जिवाणू खपून जातात, सेंद्रिय कार्बन घातला की एकही चालत नाही. प्रकाश आणि कार्बन यांतला हाच तर व्यवहारातला मोठा फरक, आणि त्याच फरकाचा संच तुम्ही विकता!

आधी तुमची कल्चर चांगली असायची. आता लेबल छापणाऱ्याने पेशी पाहिलेली नाही, असं दिसतं.

आम्हाला हवं ते असं: सहाही संचांचे पैसे परत, किंवा खरोखर निर्जंतुक कल्चरसह ॲसिटेटचे संच. क्लोरेला पाठवायचं असेल तर ग्लुकोज राहू द्या, पण मग लेबल बदला. पुस्तिका दुरुस्त करून हा संच घेतलेल्या सगळ्या महाविद्यालयांना कळवा. 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर प्लेटचे फोटो आणि बिलं घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. फोन करू नका. लाइट वाढवा हे पुन्हा ऐकायची ताकद नाही.

विभागातर्फे,
प्रयोगशाळा प्रमुख

ता. क. दुसरी ट्यूब पुन्हा बंद करून फ्रिजमध्ये ठेवली आहे. तपासायची असेल तर आठवड्यात न्या, कुरियर तुमच्या खर्चाने.