झालं, होतंय आणि झालंच समज

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा रात्री साडेअकराचा लांबलचक मेसेज वाचला. फोन केला असता तर तू मला मध्येच तोडलं असतंस आणि मी तुला, म्हणून सरळ लिहायला बसलो. आई-बाबांना वाचून दाखवणार असशील तर गोटी हरवल्याचा किस्सा तेवढा आईसमोर गाळ. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट असली तरी ती आज रात्रभर झोपणार नाही.

तर तुझी तक्रार अशी: तू आठ आठ वाजेपर्यंत ऑफिसात बसतेस, कुणी काही मागितलं की नाही म्हणत नाहीस, आणि साहेब कौतुक करतात ते शेजारच्या टेबलावरच्या मुलीचं, जी सहाला पर्स उचलून निघून जाते. वाचल्या वाचल्या मला तुझ्या साहेबांचाच राग आला. सख्खा भाऊ आहे, येणारच. पण दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यावर अडलो. तू लिहिलंयस, 'मंथ एंडचं काम मी केव्हाच झालं म्हणून सांगितलं होतं, फक्त दोन पार्ट्यांचे बॅलन्स जुळायचे होते.'

छोटे, मग ते झालं नव्हतं.

चिडू नकोस. हा तुझा एकटीचा दोष नाही, आपल्या घरातच आहे. आपण 'झालं' म्हणतो त्याचा अर्थ बहुतेक झालं. 'होतंय' म्हणजे अजून हात लावलेला नाही. 'बघते' म्हणजे विसरणार आहे. आणि 'झालंच समज' हा तर सगळ्यात भारी प्रकार, त्यात काम करायची जबाबदारी आपली आणि समजून घ्यायची समोरच्याची! घरात हे चालतं, कारण आईला आपल्या प्रत्येक 'झालं'चा भाव पाठ आहे. तुझ्या साहेबांना तो ठाऊक नाही. त्यांनी तुझ्या 'झालं'वर विसंबून पुढे कुणाला तरी शब्द दिला असेल, तो खाली पडला असेल, आणि तेव्हापासून ते तुझं प्रत्येक काम पुन्हा एकदा तपासत असतील. तू आठपर्यंत बसतेस हे त्यांना दिसतं गं. पण तुझ्या कामाला त्यांचाही वेळ जातो, आणि त्या मुलीच्या कामाला जात नाही. मला तरी सगळा फरक एवढाच वाटतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, मार खाऊन शिकलोय. आता तो किस्सा.

विमानं दुरुस्त करायच्या हँगरमध्ये लागून मला चारेक महिने झाले असतील. आमच्याकडे हत्यारांची फळी असते. प्रत्येक पान्याची, पकडीची, स्क्रू ड्रायव्हरची त्याच्याच आकाराची खाच कोरलेली. हत्यार उचललं की त्या जागी आपल्या नंबरचा बिल्ला लटकवायचा. पाळी संपताना फळीवर एकही खाच रिकामी दिसता कामा नये, कारण जे फळीवर नाही ते विमानात आहे असंच धरायचं. त्या रात्री माझी १० नंबरची गोटी, म्हणजे बोल्ट फिरवायला पान्याला लावतो तो सॉकेट, सापडेना. अंगठ्याच्या पेराएवढी वस्तू. मी कुणाला काही बोललो नाही. टॉर्च घेतला, लांब दांडीचा आरसा घेतला, बंद केलेली दोन झाकणं पुन्हा उघडली आणि एकटाच शोधत बसलो. कानशिलं तापलेली, मनात एकच गणित: सांगितलं तर नोकरी गेली. चाळीस मिनिटांनी धीर सुटला आणि सुपरवायझरपुढे जाऊन उभा राहिलो.

त्याने आधी विमान थांबवलं. ठरलेल्या वेळी ते हँगरबाहेर जाणार नाही असं वर कळवून टाकलं, मग पाच जणांना शोधायला लावलं. गोटी शेवटी सापडली माझ्याच बॉयलर सूटच्या दुमडलेल्या पायाच्या घडीत. हसू नकोस.

मी बोलणी खायला तयार होतो आणि बोलणी बसलीही, पण गोटीबद्दल एक शब्द नाही. जे काय बोलला ते त्या चाळीस मिनिटांबद्दल. "वस्तू कुणाचीही हरवते. पण चाळीस मिनिटं तुला ठाऊक होतं आणि मला नव्हतं." वर म्हणाला, उघडलेल्या त्या दोन झाकणांची नोंद कुठे आहे? नव्हतीच. चोरून उघडलेल्याची नोंद कोण करतं? म्हणजे एक चूक लपवताना मी दुसरी, जास्त मोठी करून ठेवली होती.

पुढच्या वर्षी पुन्हा एक घोळ माझ्या हातून झाला. तो मी दोन मिनिटांत सांगितला, आणि त्यानंतर मला अवघड कामं मिळू लागली. तेव्हा हे कोडं उलगडलं नाही. आज माझ्या हाताखाली सहा पोरं आहेत, आता उलगडतंय. त्यातली दोघं माझ्यापेक्षा हुशार आहेत. पण रात्री दोनला अडचणीचं काम आलं की मी देतो तिसऱ्याला, जो जरा हळूच आहे. 'मला हे जमत नाहीये' असं तो वेळेत येऊन सांगेल याची मला खात्री असते.

आता त्या सहाला निघणाऱ्या मुलीकडे वळू. ती जाताना टेबलावर काय ठेवून जाते, कधी पाहिलंस का?

मी ज्याच्याकडून काम शिकलो तो म्हातारा मेकॅनिक पाळी संपायच्या वीस मिनिटं आधी हात पुसून वहीत लिहायला बसायचा. तरुणपणी मला वाटायचं, कामचुकारपणा करतोय. पण त्याची नोंद बघ: 'डाव्या बाजूचे सहा बोल्ट फक्त हाताने आवळलेत, टॉर्क (ठरल्या जोराने शेवटचं आवळणं) बाकी. सातवा लावलेला नाही, धागे खराब आहेत, नवा मागवलाय, पिशवी शिडीच्या हुकाला.' पुढच्या पाळीच्या माणसाला त्याला फोन करावा लागत नसे, की स्वतःचं डोकं चालवावं लागत नसे. झालेल्या कामाचं चार शब्दांत आटपायचा, राहिलेलं मात्र सविस्तर लिहायचा. आपण बरोबर उलट करतो. केलेल्या कामाचं पुराण लावतो आणि राहिलेलं शेवटी हळूच सरकवतो, 'फक्त दोन पार्ट्यांचे' म्हणून.

हे वीस मिनिटांचं लिहिणं टाळलं तर किती महाग पडू शकतं ते आम्हाला ट्रेनिंगमध्येच शिकवतात. ११ सप्टेंबर १९९१ला अमेरिकेत टेक्सासमध्ये ईगल लेकजवळ एक छोटं प्रवासी विमान हवेतच मोडलं, आतले चौदाच्या चौदा जण गेले. आदल्या रात्री त्याच्या शेपटीच्या आडव्या पंखावरचं, बर्फ साचू न देणारं रबरी आवरण बदलायचं काम निघालं होतं. संध्याकाळच्या पाळीने दोन्ही बाजूंचे वरचे स्क्रू काढले. रात्रीच्या पाळीने उजव्या बाजूचं काम पुरं केलं. डाव्या बाजूचे ४७ स्क्रू काढलेले आहेत, हे त्यांच्यापर्यंत नीट पोचलंच नाही. तोंडी थोडंफार सांगणं झालं होतं, कागदावर असायला हवं ते नव्हतं. खालून वर पाहिलं तर त्या उंचीवरचा पंखाचा वरचा भाग दिसतही नाही. यात आळशी कुणीच नव्हता. एक जण तर आपलं काम नसताना मदतीला म्हणून वर चढून स्क्रू काढत होता.

तुझ्या ऑफिसात बॅलन्स जुळला नाही म्हणून कुणी आकाशातून पडणार नाही, मान्य. पण अर्धं काम तोंडी सोडून जायची खोड तीच.

दुसरा अपघात मुद्दाम तुझ्यासाठी सांगतो, कारण तुला 'सगळं मीच करते'चा फार अभिमान आहे. १० जून १९९०, ब्रिटनमधून निघालेलं विमान, सुमारे १७,००० फुटांवर कॅप्टनसमोरची काच उडाली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला, आतल्या माणसांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा. चौकशीत निघालं की ती काच उड्डाणाच्या जेमतेम सत्तावीस तास आधी बदलली होती, आणि तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ ठरल्यापेक्षा किंचित बारीक होते. किंचित म्हणजे एक मिलिमीटरही नाही. उरलेले सहा जाडीला बरोबर पण लांबीला कमी.

ते बसवणारा नवशिका नव्हता. पाळीचा मुख्य होता, चांगला अनुभवी. रात्री माणसं कमी, काम अडू नये म्हणून स्वतःच उभा राहिला. जुना बोल्ट हातात धरून त्याच्यासारखेच दिसणारे त्याने अपुऱ्या उजेडात नजरेने निवडले, पुस्तकात नंबर पाहिला नाही. सामानाच्या खोलीतल्या माणसाने योग्य नंबर सुचवलाही होता. आणि जुने काढलेले बोल्ट मुळातच चुकीचे होते, ते आणखी वेगळंच.

मला या माणसाचा राग येत नाही, भीती वाटते. कारण तो अगदी आपल्यातला आहे. पुढे होऊन काम अंगावर घेणारा, रडगाणं न गाणारा, वेळेत उरकून देणारा. कुठल्याही साहेबाला असाच माणूस हवा असतो! आणि नेमकं त्याचमुळे तो, आपल्याला सगळं येतं म्हणून, पुस्तक उघडायला गेला नाही. तू चार जणांचं काम ओढतेस तेव्हा तपासायला तुझ्याकडे वेळ कुठून उरणार? तपासणारं दुसरं कुणी आहे का? एकट्याने सगळं उचलणाऱ्याचं कौतुक होतं खरं, पण त्याच्या चुका पकडायला शेजारी कुणी उभं नसतं.

कॅनडाच्या वाहतूक खात्यात १९९३ साली गॉर्डन ड्यूपाँट यांनी माणसाच्या हातून चुका का होतात त्याची बारा कारणं काढली. आमच्या भिंतीवर त्यांचीच चित्रं लावलेली आहेत. थकवा, घाई, लक्ष विचलित होणं वगैरे. एक तुझ्या कामाचं: बोलायला हवं तिथे न बोलणं. आणि एक माझ्या आवडीचं, इथे असंच करतात म्हणून करत राहणं.

तेव्हा उद्या साहेब चौथं काम घेऊन आले तर नुसतं 'हो सर' म्हणू नकोस, नुसतं 'नाही'ही नको. म्हण, "माझ्याकडे हे तीन चालू आहेत. यातलं कुठलं मागे ठेवू?" निवड त्यांना करू दे, त्याचाच त्यांना पगार आहे. आणि एखादी गोष्ट शुक्रवारी होणार नाही हे तुला बुधवारी कळलं, तर बुधवारीच सांग. शुक्रवारी संध्याकाळी सांगितलेलं कारण कितीही खरं असलं तरी सबबच वाटतं.

वेळेवर जाणं, नीट बोलणं, दुसऱ्याचं श्रेय न लाटणं यात मी पडत नाही, ते खातं बाबांचं.

एवढं सगळं करून साहेबांना दिसेलच असं मात्र नाही. मी ज्या पहिल्या ठिकाणी होतो तिथे माझ्या नोंदी उचलून एक जण वर स्वतःच्या नावाने वाचून दाखवायचा, आणि चांगलं काम केल्याचं बक्षीस म्हणून मला आणखी काम मिळायचं. दोन वर्षं वाट पाहिली, मग सोडली ती जागा. वेळ पडली तर तूही सोड. पण आधी एक महिना 'झालं' हा शब्द तेवढा जपून वापरून बघ. जाताना टेबलावर एक कागद: काय राहिलंय, कुठे अडलंय, कुणाच्या उत्तरावर थांबलंय. त्या मुलीशीही एकदा बोल. ती तुझी शत्रू नाही, आणि माझा अंदाज आहे की ती असं काहीतरी करत असणार. चुकला अंदाज तर कळव, मी माझे शब्द मागे घेतो.

तासाभरात पाळी सुरू होईल, निघायला हवं. आई दर फोनला विचारते, दिवाळीला येण्याचं झालं का, आणि गेले तीन फोन मी 'झालंच समज' म्हणतोय. तर तिला नीट सांग: तिकीट काढलेलं नाही. रजेचा अर्ज दिला आहे, सुपरवायझरची सही झाली, वरच्या ऑफिसची बाकी. मंगळवारपर्यंत उत्तर आलं नाही तर मी स्वतः जाऊन विचारेन आणि बुधवारी फोन करेन, रजा मिळो न मिळो.

तुझा,
दादा